चालू राहिलेला पगार

फोन आला तेव्हा हिल्मीने पुढच्या पेशंटचं नाव पुकारायला तोंड उघडलेलं होतं. नाव जिभेवर आलेलं होतं. पण खिशात फोन थरथरला, तो त्याने कानाला लावला, आणि पलीकडून एक मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, हिल्मीसाहेब बोलताहेत का. आयुष्यात त्याला साहेब म्हणणारी माणसं दोनच जातींची, बँकेतली आणि पोलिसातली, त्यामुळे तो ऐकण्याआधीच अर्धा घाबरला. मुलगी तिळाच्या हलव्याच्या कारखान्यातून बोलत होती. त्या कारखान्यात हिल्मीने उमेदीची सगळी वर्षं घातली होती आणि तिथली नोकरी मागच्या वर्षी खांद्यापायी सोडली होती. मुलगी म्हणाली, हिशेब तपासताना असं निघालं की साहेबांनी काम सोडल्यावरही त्यांचा पगार त्यांच्या कार्डावर जमा होत राहिला, पार उन्हाळा लागेपर्यंत. चूक कारखान्याची, साहेबांना कुणी बोल लावत नाही, पण रक्कम परत करावी लागेल. एकदम जमत नसेल तर हप्त्याने, पण एकदा येऊन जावं. हिल्मी म्हणाला, हो, येतो ना, का नाही. मग फोन खिशात ठेवून त्याने खोलीकडे बघितलं आणि मोठ्याने पुकारलं, "वहदान." बाकावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. वहदान नावाचं तिथे कुणी नव्हतं. गालावर रुमाल दाबून बसलेली एक बाई, उठावं की नाही अशा विचारात, अर्धवट उठली. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "हिल्मी, दाढ त्यांची दुखतेय की तुझी?"

वहदान म्हणजे कारखान्याचे मालक, हाज वहदान. त्यांचं नाव तोंडातून का निघावं याचं हिल्मीला स्वतःलाच नवल वाटलं. त्याने खरं नाव पुकारलं, बाई आत गेली, आणि तो लवंगेच्या तेलाच्या वासात खुर्चीवर बसून राहिला. पैसे परत द्यायचे, एवढं तर सरळ होतं. दुसऱ्याचं आहे ते दुसऱ्याला द्यावं, यात इमामाला विचारण्यासारखं काय आहे, मुहर्रम बे मोहल्ल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्या सरळ गोष्टीच्या मागे काहीतरी वाकडं होत चाललं होतं आणि ते नक्की काय हे त्याला पकडता येत नव्हतं. जीभ दातांवरून फिरवावी आणि दुखरा कुठला तेच कळू नये, तसं. मग ते सापडलं. पैसे खर्च झाले होते हे नव्हे, कुठे खर्च झाले होते, हे. त्या पैशांवर त्याची आई उमराहला, मक्केच्या छोट्या यात्रेला, जाऊन आली होती. काबागृहाभोवती ती त्या पैशांच्या बळावर फिरली होती. लहानपणी त्याने ऐकलं होतं की वाईट पैशाने गेलेला माणूस तिथे पोचून 'मी आलो, परवरदिगार, मी आलो' अशी हाक घालतो, तेव्हा वरून जबाब येतो, तू आलाच नाहीस. चुकून आलेला पैसा वाईट असतो का? चोरीचा तर नव्हता. पण आपला तरी कुठे होता. आई सांगायची की ती हाक घालता घालता तिचा घसा बसला, दोन दिवस खुणांनी बोलत होती. त्या बसलेल्या घशाचं आता काय करायचं, हे हिल्मीला कळेना.

आणि तरीही त्याने ते पैसे डोळे मिटून घेतले नव्हते. कारखान्यात एक रीत होती. ती रीत आहे असं कुणी कधी बोललं नव्हतं. बोललं असतं तर ती उरलीच नसती. जुना माणूस थकून घरी बसला की त्याचा पगार काही महिने चालू राहायचा. कधी भाजीवाल्याच्या हाती, कधी साखरेच्या पुड्याखाली, कधी हाज वहदान स्वतः मशिदीतून निघताना चपला शोधायच्या मिषाने वाकायचे आणि कुणाच्या तरी झग्याच्या खिशात काहीतरी जायचं. त्याबद्दल शब्द काढायचा नाही. तीळ भाजणाऱ्या शहातचे डोळे गेले आणि त्याच्या घरी असे पैसे जायला लागले, तेव्हा तो बिचारा ईदच्या दिवशी सगळ्यांदेखत आला आणि हाजच्या हातावर ओठ टेकून रडायला लागला. हाजनी तापलेल्या कढईला लागावा तसा हात मागे घेतला. म्हणाले, "कसले पैसे? माणूस म्हातारा झाला की दिवसा स्वप्नं बघतो." पुढे शहातचे पैसे बंद झाले की चालू राहिले हे कुणालाच कळलं नाही, कारण विचारणार कोण. पण हलवा मळणाऱ्यांपासून डबे चिकटवणाऱ्यांपर्यंत सगळे एक गोष्ट शिकले. डावा हात पुढे झाला की उजव्याने तोंड झाकायचं.

म्हणून काम सोडल्यानंतरच्या महिन्यात, रोटीच्या रांगेत उभं असताना फोनवर पगाराचा निरोप आला, तेव्हा हिल्मीला आश्चर्य वाटलं नाही. आनंद झाला, आणि थोडी लाज. हाजनी माझी लाज राखली, असं त्याच्या मनात आलं. आणि त्यामागून एक हसूही आलं, की बघा, म्हातारा कार्डावरून गुपचूप द्यायलाही शिकला, आता साखरेचा पुडा नको की भाजीवाला. त्याने रोटी घेतली, घरी आला आणि बायकोला सांगितलं. मग आईला सांगितलं, हाजनी दिलेत, कुठे बोलायचं नाही. आई नबविया त्या वेळी मोलोखियाच्या भाजीची पानं खुडत होती. तिने हात थांबवला आणि हाजसाठी एवढी लांब दुआ मागितली की पानं सुकायला लागली. पैसे पुढच्या महिन्यातही आले, त्याच्या पुढेही आले. तोवर त्याला दवाखान्यात हे नाव पुकारायचं काम मिळालं होतं, घर चालत होतं. ते पैसे त्याने वेगळेच ठेवले, चांगल्या माणसाचे पैसे भाजी-भाड्यात जाऊ नयेत म्हणून. आणि खाटकाच्या बायकोने गल्लीतल्या बायकांचा जथा उमराहला निघाल्याचं सांगितलं, तेव्हा ते वेगळे ठेवलेले पैसे कशासाठी आहेत हे त्याला आपोआप उमगलं. उमगलं असं त्याला तेव्हा वाटलं. आता तो त्या उमगण्याकडेच संशयाने बघत होता. आपल्याला वाटतं ते वरून आलेलं असतं, की आपलंच मन वरच्या मजल्यावर जाऊन खाली बोलतं?

घरी आल्यावर त्याने बायकोला, इन्शिराहला, स्वयंपाकघरात गाठून हळू आवाजात सगळं सांगितलं. आई बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून बसली होती. इन्शिराह कांदा परतत होती. तिने परतणं थांबवलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, किती महिन्यांचे. त्याने सांगितलं. ती म्हणाली, माझ्या बांगड्या आहेत, अर्ध्याहून जास्त त्यातच फिटेल, उरलेलं हप्त्याने देऊ, त्यात एवढं कसलं. तो म्हणाला की पैशाचं नाही. मग तिने कांद्याखालची आच कमी केली आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "मग कशाचं?" त्याने आईच्या उमराहचं सांगितलं. सांगताना ते फार लहान झाल्यासारखं, फार मूर्खपणाचं झाल्यासारखं वाटलं.

"अहो, तुम्ही मुफ्ती कधीपासून झालात?" ती म्हणाली. "आई गेली, आई आली. मध्ये तिने काय मागितलं, ते कुणी घेतलं, हे बघायला तिथे तुमच्यासारखा नाव पुकारणारा बसवलाय का?"

तो हसला. हसल्यावर बरं वाटलं आणि लगेच पुन्हा बरं वाटेनासं झालं. इन्शिराहने एवढंच बजावलं की आईच्या कानावर जाता कामा नये. आई परतल्यापासून सगळी गल्ली तिला हज्जा म्हणत होती, हज नव्हे नुसता उमराह असूनही, आणि ती दुरुस्त करत नव्हती. गल्लीतल्या कुणाचं भांडण झालं तर मिटवायला तिला बोलावत. कालपर्यंत दुधवाल्याशी हुज्जत घालणारी ही बाई आता पांढरा रुमाल डोक्याला गुंडाळून गच्चीवर बसायची आणि लोक तिला विचारायला यायचे, तिथली हवा कशी असते. हिल्मी बाहेरच्या खोलीत आला. आईने रेडिओचा आवाज कमी केला आणि विचारलं, तुझा चेहरा असा का. तो म्हणाला, दवाखान्यात गर्दी होती.

आई उमराहला जाण्याआधीचा आठवडा त्याला जेवताना, नंतर चहा पिताना, पुन्हा पुन्हा आठवत राहिला. जाणाऱ्याने दारोदार जाऊन माफी मागायची असते. माझ्याकडून काही राहिलं असेल, बोलणं असो, पैसा असो, वाईट नजर असो, माफ करा, इथलं आणि तिथलं. समोरच्याने म्हणायचं, माफ केलं, इथलं आणि तिथलं, तूही मला कर. हे म्हणून झाल्याशिवाय सामान बांधायचं नाही. आई सगळ्यांकडे गेली. खाटकाकडे, इस्त्रीवाल्याकडे, खालच्या मजल्यावरच्या त्या बाईकडेही, जिच्याशी कोंबड्यांवरून तिचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. ती बाई दारातच म्हणाली होती, कोंबडी माझीच होती पण माफ केलं. आई जिना चढून आली ती पुटपुटत, हिने माफ करतानाही कोंबडी सोडली नाही. मग ती म्हणाली, आता हाज वहदानकडे. हिल्मीने तिला अडवलं. तिथे गेलीस तर तू पैशांचं बोलशील, नाही बोललीस तरी तुझा चेहरा बोलेल, आणि त्यांचं देणं उघडं पडेल. आई हिरमुसली पण थांबली. गल्लीतलं नि गल्लीबाहेरचं तेवढं एकच दार राहिलं. आणि ते दारही त्यानेच राखलं होतं. ती गेली असती तर काय झालं असतं? हाज म्हणाले असते, कसले पैसे. तेच म्हणाले असते. दिले असते तरी तेच, दिले नसते तरी तेच. या विचारापाशी आल्यावर हिल्मीला चहा गार झाल्याचं कळलं.

तो कारखान्यात गेला तेव्हा दुपार होती. दारातून आत शिरता शिरता भाजलेल्या तिळाचा वास त्याच्या अंगावर आला आणि त्याचा उजवा खांदा आपोआप वर उचलला गेला, मळायला तयार झाल्यासारखा. खांदा गेला तरी सवय जात नाही. हाजच्या खोलीत त्यांची मुलगी नज्वा बसली होती. ती हाजच्याच खुर्चीत बसली होती, पण पाठ न टेकता, जसा खुर्चीचा धनी आत्ताच बाहेर गेलाय आणि कुठल्याही क्षणी परत येईल. ती रोटीत भरलेली बाकल्याची उसळ खात होती आणि एका हाताने कागद सरकवत होती. लहान असताना ती शाळेच्या वाटेवर कारखान्यात यायची तेव्हा हिल्मीने तिला परातीच्या कडेचा गरम हलवा कितीदा तरी दिला होता. तिला ते आठवत असेल का, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तिने त्याला बसायला सांगितलं, अर्धी रोटी पुढे केली. त्याने नको म्हटलं. तिने आग्रह केला नाही आणि हिल्मीला त्याचंही थोडं वाईट वाटलं.

ती म्हणाली की चूक अगदी साधी आहे. काम सोडणाऱ्याचं नाव काढायला बाबा सांगायचे, मग ते काढलं जायचं. हिल्मीकाकांचं नाव काढायला कुणी सांगितलं नाही. बाबांचं डोकं तोवर... एवढं बोलून ती हाताला लागलेलं तेल पुसत राहिली.

हाज विसरायला लागलेत हे हिल्मीने ऐकलं होतं, पण इतकं नव्हतं ऐकलं. त्याने विचारलं, हे कधी सुरू झालं.

"कुणास ठाऊक, काका," नज्वा म्हणाली. "एक दिवस त्यांनी ड्रायव्हरला गाडी देऊन टाकली. आम्हाला वाटलं, बाबाच ते, नेहमीसारखे. आयुष्यभर देतच आले. देणारा माणूस विसरायला लागला की घरच्यांना लवकर कळत नाही."

हिल्मीच्या डोळ्यांसमोर त्याचा शेवटचा दिवस आला. हाजनी त्याला छातीशी धरलं होतं आणि 'जा, अब्दू, जप' असं म्हटलं होतं. अब्दू हा हाजचा धाकटा भाऊ, तरुणपणी समुद्रात बुडालेला. हिल्मी त्या दिवशी घरापर्यंत रडत चालत गेला होता, की त्यांनी मला भावाच्या जागी धरलं. आता इथे, तिळाच्या वासात, त्याला पहिल्यांदा वाटलं की कदाचित त्यांना तो खरोखरच अब्दू वाटला असेल. मग ते रडणं कशाचं होतं? आणि जर त्यांनी अब्दूचा पगार चालू ठेवला असेल, तर तो पगार हिल्मीचा कसा? पण चालू ठेवला तर ठेवलाच ना. तो या वळणावर जाऊन परत येत होता, पुन्हा जात होता.

"मग असंही असेल," तो म्हणाला, "की त्यांनी माझं नाव मुद्दामच राहू दिलं."

"असेल."

"किंवा विसरले असतील."

"असतील." नज्वाने त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे थकलेले होते. ते रागावलेले आहेत असं त्याला आधी वाटलं होतं. "मला काय वाटतं ते विचारू नका. कोर्टाने मला त्यांची पालक नेमलंय. त्यांच्या मालकीतला एक पौंड मला सोडता येत नाही. देता येत नाही, माफ करता येत नाही. न्यायाधीश बघतो, आणि न्यायाधीशाने नाही बघितलं तर माझ्या आत्याची मुलं बघतात. त्यांना वाटतं बापाचं डोकं गेलं आणि मुलीने तिजोरी धरली."

तो म्हणाला की मी सोडा म्हणत नाही. त्याने इन्शिराहच्या बांगड्या विकून आलेले पैसे आणले होते, ते काढून टेबलावर ठेवले आणि उरलेले महिन्याच्या महिन्याला देईन म्हणाला. मग त्याने उमराहचं सांगितलं. नज्वाने खाणं बाजूला ठेवलं. त्याने विचारलं की पैसे तर परत येतीलच, पण तेव्हा जे वापरले ते हलाल होते, एवढा शब्द तुमच्या तोंडून मिळेल का. नुसता शब्द. कागदावर नको.

"तेच तर मला म्हणता येत नाही, काका," ती म्हणाली. "मी म्हटलं तर ते कुणाच्या वतीने? माझे नाहीत ते. ज्यांचे आहेत त्यांना तुम्ही कोण तेही सांगता येणार नाही."

तो कारखान्यातून बाहेर पडला. ट्राममध्ये न बसता समुद्राच्या कडेने चालत राहिला. म्हणजे माफ करू शकेल असं जगात कुणीच नव्हतं. ज्याला हक्क होता त्याला आठवत नव्हतं, जिला आठवत होतं तिला हक्क नव्हता. त्याला शेख गादुल्लाच्या बैठका आठवल्या. अवलियाच्या उरुसाला शेख रात्ररात्र गायचा. मध्येच गाणं थांबवून बोलायला लागायचा, साधं, बाजारात बोलावं तसं, एखाद्या कंजूष सावकाराची नक्कल करून लोकांना हसवायचा, आणि लोक हसत असतानाच अशा जागी सूर लावायचा की हसणारा माणूस तोंड उघडंच ठेवून रडायला लागावा. हाज आणि हिल्मी एकाच चटईवर मांडी घालून बसायचे. मालक आणि मळणारा असा फरक त्या चटईवर राहत नसे. एक पद शेख पुन्हा पुन्हा आळवायचा, 'देणारा तू, घेणारा तू, मी मधली ओंजळ', आणि तिसऱ्यांदा ओंजळ म्हणताना तो शब्द इतका खाली न्यायचा की जवळजवळ ऐकूच यायचा नाही. तिथे हाज हमखास रडायचे. रुमाल काढायचे नाहीत, वाहू द्यायचे. हिल्मीला त्या चटईवर कुठलीच शंका कधी आली नव्हती. आता समुद्राकडे बघत त्याने ते पद मनात म्हणून बघितलं. देणारा तो, घेणारा तो, तर मग हिशेबातल्या मुलीने फोन कुणाला केला? हे मनात आलं आणि त्याला आपलीच शरम वाटली. असं तर चोरही गाऊ शकतो. चोर कदाचित जास्त सुरात गाईल. पण हाज रडायचे ते खोटं नव्हतं, आणि आपणही रडलो ते खोटं नव्हतं. म्हणजे पद खरं आणि फोनही खरा, आणि दोन्ही खऱ्यांच्या मध्ये उभं राहायला जागा मात्र कुठे दिसत नाही. एक मासे विकणारा त्याला म्हणाला, काका, घ्यायचे नसतील तर माशांकडे असं बघू नका, त्यांना वाटेल त्यांचंच काही चुकलं.

पुढच्या शुक्रवारी आईच्या कानावर हाजच्या आजारपणाचं आलं. रोटीच्या रांगेत कुणीतरी बोललं. ती घरी आली, पांढरा रुमाल नीट बांधला, मक्केहून आणलेल्या जमजमच्या पाण्याची शेवटची बाटली पिशवीत घातली आणि म्हणाली, चल. हिल्मीने नेहमीची कारणं काढली. म्हातारा माणूस, ओळखत नाही, त्रास होईल. ती म्हणाली, तेव्हा मी तुझं ऐकलं आणि एक दार सोडून गेले. जायच्या आधी मागायचं ते परत येऊन मागतेय, लोक हसतील. "आता तू अडवलंस तर मी एकटी जाईन आणि चुकीच्या बसमध्ये बसेन, मग शोध मला अबूकीरपर्यंत." इन्शिराह दारामागून त्याला नाही नाही अशा खुणा करत होती. तो आईबरोबर निघाला.

हाजच्या घराचं दार नज्वाने स्वतः उघडलं. तिने आधी हिल्मीकडे बघितलं, हप्ता घेऊन घरी आलाय की काय असं काहीसं तिच्या कपाळावर आलं, आणि मग तिला मागची पांढऱ्या रुमालातली म्हातारी दिसली. ती बाजूला झाली. हाज वहदान खिडकीशी बसलेले होते. अंग आटलं होतं, पण दाढी कुणीतरी मायेने विंचरलेली होती. आई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली, जसं काही ती रोजच तिथे येते. तिने बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून त्यांच्या ओठांशी धरलं. ते प्यायले. मग ती बोलायला लागली. ते ऐकताहेत की नाही याची तिने पर्वा केली नाही. तिथली गर्दी सांगितली, पायाला आलेले फोड सांगितले, खाटकाची बायको दोनदा हरवल्याचं सांगितलं. म्हणाली, तिथे तुमचं नाव घेतलं, हाज. तुमच्या सुआदबाईंचं घेतलं, अल्लाह त्यांना जन्नत देवो. आणि नज्वाचं घेतलं, सुआदची नज्वा म्हणून, आईच्या नावासकट, म्हणजे वर गोंधळ नको.

नज्वा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हिल्मीने तिच्याकडे बघायचं टाळलं. आता काहीतरी होणार, ती काहीतरी बोलणार, पैशांचं, आणि आईचा चेहरा त्याच्यासमोर पडणार. नज्वा होती तिथेच टेकून राहिली.

आई पुढे झुकली. तिने पदर सावरावा तसा रुमाल सावरला. "हाज," ती म्हणाली, "तुमचं काही आमच्याकडे राहिलं असेल, बोलणं असो, पैसा असो, माफ करा. इथलं आणि तिथलं."

तिला काहीच ठाऊक नव्हतं. जे सगळ्या दारांवर म्हणाली तेच ती म्हणत होती. पण हिल्मी पुढे सरकून बसला, आणि नज्वाने चौकट धरली. म्हाताऱ्याने मान उचलली. त्याच्या डोळ्यांत कुणीच नव्हतं, पण आवाज आला तो जुना होता, कारखान्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाणारा, स्वच्छ.

"माफ केलं," हाज म्हणाले. "इथलं आणि तिथलं. तूही मला कर."

आईने समाधानाने मान हलवली आणि म्हणाली, केलं. तिच्यापुरतं ते मिटलं होतं. ती बाटलीचं झाकण लावायला लागली. हिल्मीला आपल्या डोळ्यांतलं पाणी कुठून आलं ते कळेना. मिळाला होता तो शब्द. ज्याचे पैसे त्याच्याच तोंडून. पण ते तोंड कुणाचं होतं, आतून कुणी बोललं की नुसती जीभ आपल्या वाटेने चालत गेली? त्याने नज्वाकडे बघितलं, तिने काहीतरी सांगावं म्हणून, हो म्हणून किंवा नाही म्हणून.

"सकाळी नर्सने सुई टोचली, तिलाही हेच म्हणाले," नज्वा अगदी खालच्या आवाजात म्हणाली. "काल वरच्या मजल्यावरचे आले होते, त्यांनाही. सगळ्यांना म्हणतात." थोडं थांबून म्हणाली, "मी मात्र कधी माफी मागितली नाही."

हप्ते चालू राहतील हे हिल्मीला माहीत होतं. या शब्दाने त्यातला एकही कमी होणार नव्हता, आणि तो व्हावा असं त्याला आता वाटतही नव्हतं. त्याला एवढंच कळून घ्यायचं होतं की नर्सला दिलेली माफी आणि आईला दिलेली माफी एकच का, आणि एकच असेल तर ती कमी झाली की सगळ्यांना पुरली. तेवढ्यात नज्वा चौकटीपासून हलली. ती हळूहळू चालत आली आणि वडिलांच्या गुडघ्यांशी, जमिनीवर बसली. खुर्चीत पाठ न टेकता बसणारी ती बाई जमिनीवर मात्र पूर्ण बसली. कोर्ट, आत्याची मुलं, ड्रायव्हरकडे परत मागावी लागलेली गाडी, बाबांच्या हातून काढून घेतलेलं चेकबुक, असलं सगळं तिच्या खांद्यांवर दिसत होतं, किंवा हिल्मीला तसं वाटलं.

"बाबा," ती म्हणाली. "मलाही करा."

हाजनी तिच्याकडे बघितलं. आत्तापर्यंत सहज चालणारी ती जीभ थांबली. ते बघत राहिले, कपाळावर आठी आली, आणि अतिशय सौजन्याने, परक्या बाईशी बोलावं तसं त्यांनी विचारलं, "आपण कुणाच्या?"

आईने बाटली मांडीवर ठेवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "सांग ना ग त्यांना," ती म्हणाली. "सुआदची म्हण."

"सुआदची," नज्वा म्हणाली.

म्हाताऱ्याचे ओठ हलले. सुआद, असं ते नुसतेच पुटपुटले, पण नजर आता खिडकीकडे गेली नाही, तिच्यावरच राहिली. हिल्मी निघायचं म्हणून उभा राहिलेला होता. तो पुन्हा खाली बसला. खाली अजान झाली, कुणी उठलं नाही. तिघंही त्या ओठांकडे बघत थांबले होते.